मोफत वकील मिळेल, पण सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका

ताई, असा प्रश्न मला सारखा येतो. ट्रकने बाईकला उडवलं, नवऱ्याच्या डोक्याला मार लागला, माणूस चालतो बोलतो पण सकाळचं दुपारी आठवत नाही, मधेच भडकतो, नोकरी गेली. आणि तुम्ही विचारताय की दिव्यांग सर्टिफिकेट हातात आलं की सरकारी खर्चाने वकील मिळेल ना. मिळेल, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12, दिव्यांग माणसाचं उत्पन्न बघतच नाहीत. पण तुमचं घोडं सर्टिफिकेटपाशी अडलेलं नाही, तारखेपाशी अडलंय.

अपघाताला पाच महिने झाले हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंत! 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याचं कलम 166(3) लागू आहे, भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये या मुदतीवरून अर्ज फेटाळू नका असं सांगितलंय खरं, पण तो अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश आहे, त्याच्या भरवशावर झोपायचं नाही. मेंदूच्या इजेचं सर्टिफिकेट पटकन मिळत नाही, डॉक्टर म्हणतात आधी तब्येत स्थिर होऊ दे, शिवाय 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा असं वेगळं नावच नाही, त्यामुळे हातापायाची कमजोरी, वाचा, मानसिक आजार अशा कुठल्यातरी खान्यात बसवतात. अपंगत्वाचे टक्के किती निघतील ते सिव्हिल हॉस्पिटलचं मेडिकल बोर्ड ठरवेल, मी आत्ता सांगू शकत नाही.

म्हणून उद्याच जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्याला असाल तर तालुका समितीत, नाहीतर 15100 ला फोन करा. त्याच कलम 12 मध्ये महिलांनाही उत्पन्न न बघता मदत आहे. भरपाईचा अर्ज नवऱ्याच्या नावाने आणि तुम्ही वादमित्र म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने केस चालवणाऱ्या, तेव्हा महिला म्हणून तुमच्या हक्कावर वकील देतील की नाही हे तिथल्या ऑफिसवर आहे, नाही म्हणाले तर कमी उत्पन्नाच्या कलमाखाली प्रतिज्ञापत्र द्या. दिव्यांग सर्टिफिकेट नंतर जोडता येतं, निघून गेलेली तारीख जोडता येत नाही.

जाताना वाटेत पोलीस स्टेशनला विचारा की अपघाताचा सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, पाठवला का. पाठवला असेल तर कलम 166(4) प्रमाणे तोच अर्ज धरला जातो आणि तुमचा जीव भांड्यात पडेल. नुसत्या तोंडी "हो पाठवलाय" वर परत येऊ नका, जावक नंबर आणि तारीख लिहून घ्या.

आणि तो इन्शुरन्सवाला घरी येऊन तडजोडीच्या कागदावर सही मागतोय ना, त्याला दारातूनच परत पाठवा. तुमचे मिस्टर समोरच्याला बरं वाटावं म्हणून सही करून टाकतील आणि संध्याकाळी त्यांना ते आठवणारही नाही, या आजारात हेच होतं. आकडा किती मिळेल ते मी सांगणार नाही, हेल्मेट होतं का, पगाराचे पुरावे काय, यावर ते आहे. पण 2020 साली मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च एकरकमी अंदाजाने न देता वर्षांच्या हिशोबाने धरला, आणि एकूण भरपाई 62 लाखांच्या वर गेली. तुम्ही दिवसभर त्यांच्यामागे असता, कामावर जाऊ शकत नाही, हे अर्जात आलंच पाहिजे, वकील विसरला तर तुम्ही आठवण करा.