संग्रहालयात गाडी ठेवण्याआधी

पहिल्यांदाच गाडी संग्रहालयात ठेवतोयस, तर पॉलिशच्या आधी टाकीकडे बघ. बंद दालनात पेट्रोलची वाफ धोक्याची, म्हणून पेट्रोल अगदी थोडं ठेव. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टोकाला कापड गुंडाळ. इंजिनखाली ट्रे हवाच.

टायर मात्र सगळे विसरतात. माझी गाडी चार महिने एकाच जागी उभी होती. परत नेताना स्टिअरिंग नुसतं थडथडत होतं. टायर खालून चपटे झालेले! तेव्हापासून मी एक्सलखाली, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, स्टँड लावतो, म्हणजे वजन टायरवर येत नाही.

आणि गाडीशेजारच्या माहितीच्या पाटीवर खरं लिही. फोर्ड मॉडेल टी १९१४ नंतर बरीच वर्षं फक्त काळ्या रंगातच मिळायची. १९२० सालची लाल दिसली की जाणकाराला लगेच कळतं, रंग नंतरचा आहे. मग लपवायचं कशाला? कस्टम, म्हणजे हवी तशी बदलून घेतलेली, गाडी असेल तर छत किती इंच कापलं, इंजिन कुठल्या गाडीचं बसवलं, पत्रा किती दिवस ठोकला, सगळं सांग. मी स्वतः अशाच पाट्यांपुढे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो. बॉनेट उघडं ठेवायला परवानगी मिळाली तर नक्की ठेव.