पहिल्या पगाराची जीन्स

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला. पहिला पगार झाला, तीन जीन्स घ्यायच्यात, एक मूड मस्त असताना घालायला, एक मूड बेकार असताना आणि एक ऑफिसची. "मावशी, कुठल्या मूडला कुठली ते सांग ना." एवढं सगळं फोनवर टाइप करायला माझा अंगठा तयार नाही, म्हणून वहीत लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लावून घे.

आधी भांडण. तीन कशाला? दोन घे. तिसरीचे पैसे फिटिंगला आणि बऱ्यापैकी बुटाला ठेव. शिवाय तुझी ती जुनी जीन्स माझ्याकडे पडून आहेच. झाल्या की तीन.

सोळा वर्षं मी एक्स्पोर्टच्या फॅक्टरीत सॅम्पल शिवले आणि गेली बारा वर्षं हे अल्टरचं दुकान चालवतेय. "मावशी, हिचं काहीतरी करा" म्हणत बायका नव्याकोऱ्या जीन्स घेऊन येतात ना, त्यांतल्या निम्म्याअधिक मूडमध्ये घेतलेल्या असतात. वाढदिवस होता, भांडण झालं होतं, सेल लागला होता. मी काही वेगळी नाही. एका कंत्राटदाराने माझे दोन महिन्यांचे पैसे बुडवले, त्या संध्याकाळी मी रागारागात एका दुकानात शिरले आणि काळी स्किनी घेऊन बाहेर पडले. ट्रायल रूमच्या आरशात मला वाटलं, आता बघतेच एकेकाला. घरी येऊन जमिनीवर भाजी चिरायला बसले तर कंबर पोटात रुतली. दोनदा घातली. शेवटी तिचे तुकडे करून गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना आतून लावले, बरेच पुरले.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं, की मूडप्रमाणे घाल, पण मूडमध्ये घेऊ नकोस. दुसरं म्हणजे सकाळचा मूड अकरापर्यंत टिकत नाही आणि जीन्स मात्र संध्याकाळी सातपर्यंत अंगावर असते. सकाळी उठून "आज मला कसं वाटतंय" एवढंच नको विचारूस. आज किती तास खुर्चीत, किती तास उभं, स्कूटरवर की बसमध्ये, तेही विचार. मूड बिघडवायचं निम्मं काम कंबरपट्टीच करते.

आता तुझ्या बेकार मूडचं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या कॅरेन पाइन या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने २०१२ साली शंभर बायकांना विचारलं होतं, की कुठल्या मनःस्थितीत काय घालता. मन उदास असताना जीन्स घालतो म्हणणाऱ्या निम्म्याहून जास्त निघाल्या. आनंदात असताना जीन्स म्हणणाऱ्या साधारण तिसरा हिस्सा. शंभर म्हणजे काही जग नव्हे, आणि त्या सगळ्या तिकडच्या. पण माझ्या दुकानात मला हेच दिसतं. आनंद झाला की बाई साडी काढते, कुर्ता काढते, आणि जीव नकोसा झाला की खुंटीवरची तीच जीन्स ओढते. विचार करावा लागत नाही ना.

तर अशा दिवसासाठी सैल, लोंबणारी, मऊ पडलेली जीन्स घ्यावी असं तुला वाटेल. दुकानदारही तेच सांगेल. मला पटत नाही. उदास माणूस आधीच खाली सांडलेला असतो, त्यात जीन्सही सांडली की आरशात दोघं सारखेच. अशा दिवसाला सरळ पायाची घे, स्ट्रेट. कंबर बेंबीच्या किंचित खाली येणारी. कापड निव्वळ सुती, बारा-तेरा औंसाचं. औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. आठ-नऊ औंसाचं शर्टासारखं लोळतं, चौदाच्या पुढचं आपल्या उन्हाळ्यात नकोसं होतं. मधलं कापड स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि त्या दिवशी तेवढा आधार पुरतो. पाळीच्या दिवसांत मात्र हीच जीन्स शत्रू. त्या चार दिवसांसाठी कंबर इंचभर सैल आणि वर पट्टा, किंवा सरळ सलवार. हट्ट नाही करायचा.

ऑफिसची म्हणजे धडधड होते त्या दिवसाची. प्रेझेंटेशन, साहेबांची मीटिंग, नव्या माणसांत बसणं. त्या दिवशी नवी जीन्स अजिबात घालायची नाही. आधी तीन-चार वेळा घालून, धुऊन, बसून-उठून झालेलीच घालायची. रंग गडद निळा, वर घासलेले पांढरे पट्टे नकोत, भोकं तर नकोतच. कंबर खाली नको. लो राइज पुन्हा फॅशनमध्ये आलीय हे मला माहीत आहे, माझ्याकडेही रोज येते. पण ती घातलेल्या मुलीचा हात बघ, दर दोन मिनिटांनी मागे जातो, टॉप खाली ओढायला. समोरच्याला वाटतं मुलगी घाबरलीय. मुलगी घाबरलेली नसते, तिची जीन्स घसरत असते.

मस्त मूडसाठी फ्लेअर, म्हणजे गुडघ्याखाली पसरणारी, किंवा रुंद पायाची घे, माझी पूर्ण परवानगी. चालताना पायाभोवती कापड हललं की माणूस आपोआप जरा ऐटीत चालतो. फक्त जुलैमध्ये पुण्यात नको. सुती डेनिम पाणी ओढतं, बॉटम डबक्यात बुडला की ओल पोटरीपर्यंत चढते आणि आनंद तिथेच संपतो. पावसाळ्यात घोट्याच्या वर संपणारी आखूड आणि थोडी स्ट्रेचची बरी, निदान रात्रीत वाळते.

ती बॅरल की काय नवीन निघालीय, गुडघ्यात फुगीर आणि खाली आवळलेली, तिच्यावर माझं मत विचारू नकोस. उंच मुलींना शोभते. तू आणि मी त्यात पिंप दिसू.

आता थोडं कापडाविषयी, म्हणजे दुकानात फसणार नाहीस. जीन्सचा पाय उलटा करून बघ. आतून पांढरट दिसतो ना? उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा, आणि वीण अशी की निळा बहुतेक वर राहतो. त्यातही नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरच्या थरावरच बसते. म्हणून घासेल तिथे उडते आणि आतला पांढरा डोकावतो. जांघेतल्या रेघा, गुडघ्यामागची जाळी, मागच्या खिशावर फोनचा चौकोन, हे सगळं घालणाऱ्याच्या सवयींचं असतं. मी जीन्स हातात घेऊन सांगू शकते, की ही मुलगी डावा पाय वर घेऊन बसते. तुझी तशीच आहे, बघितली मी. विकत घेताना तयार रेघा मारलेली जीन्स घेतलीस, तर दुसऱ्याची बसायची पद्धत अंगावर घेऊन फिरशील. रेघ मांडीच्या भलत्याच जागी येते आणि पाय आखूड दिसतो. साधी गडद घे, रेघा तुझ्या तू पाड.

स्ट्रेचचं लेबल वाच. इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, एक-दोन टक्के असेल तर ठीक. त्याहून फार जास्त असेल तर दुकानात स्वर्ग वाटतो, आणि काही महिन्यांनी गुडघ्याला पिशव्या येतात. गरम इस्त्री आणि ड्रायर त्याला सोसत नाहीत. उलटी करून गार पाण्यात धू, सावलीत वाळव.

जीन्सचा जन्मही काही मूडमधून झालेला नाही. अमेरिकेत रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका मजुराची बायको आली, नवऱ्याची विजार टिकतच नाही म्हणून. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, ठोकले. पेटंटच्या खर्चासाठी त्याने कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला गाठलं आणि २० मे १८७३ला दोघांना ते मिळालं. म्हणजे मुळात ही तक्रारीवरची दुरुस्ती. माझ्या धंद्यातली गोष्ट आहे म्हणून मला आवडते. आणि डंगरी शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीचा, तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला. साहेबाच्या डिक्शनरीत आहे तो.

मी शिकत होते तेव्हा, १९९५च्या सुमारास, अहमदाबादच्या अरविंद मिलने 'रफ अँड टफ' नावाचं पाकीट काढलं होतं. आत जीन्सचं कापड, झिप, बटण, रिव्हेट, लेबल, सगळं. दोनशे रुपयांच्या आत मिळायचं, शिवायचं गल्लीतल्या टेलरकडून. आमच्या मास्तरांकडे अशी पाकिटं येऊन पडायची. सोळा नंबरची सुई लावायची, जाड शिवणीवर आधी हातोडीने ठोकून ती चपटी करायची आणि मग मशीन चालवायचं, नाहीतर सुई तुटून डोळ्यापर्यंत उडायची. त्या जीन्स दिसायला ओबडधोबड असायच्या. पण प्रत्येकीचं माप तिचं स्वतःचं असायचं, त्यामुळे "मी जाडी झालेय" असं रडत कुणी यायचं नाही. आता तू अठ्ठावीसची मागतेस, ती चढत नाही आणि तुझा दिवस जातो. अगं, एका कंपनीची अठ्ठावीस दुसऱ्या कंपनीची तीस असते. टेप लावून मी मोजलेत दोन्ही. आकडा लेबलवर असतो, तुझ्यावर नाही. तीसची चढव, आणि घरी येऊन लेबल काप.

ट्रायल रूममध्ये उभी राहून आरशात वळू नकोस, सगळ्या तेच करतात. आत स्टूल असेल तर त्यावर बस. नसेल तर उकिडवी बस. मागे कंबरपट्टी पाठीपासून सुटते का बघ. दोन बोटं आत गेली तर छान, मूठ गेली तर नको. मग एक पाय पायरी चढल्यासारखा उचल. मांडीवर कापड अडखळलं तर पुढचा साइज घे आणि कंबर माझ्याकडून आत घे. कंबर आत घेता येते, मांडी मला वाढवता येत नाही. खिशात हात घाल, बायकांच्या जीन्सचे खिसे नुसते नावाला असतात. आणि दुकानात जाताना पोट भरलेलं असू दे, जेवणाआधी घेतलेली जीन्स जेवणानंतर वेगळी असते.

तुझी जुनी काल उसवली. कंबर अर्धा इंच सोड म्हणालीस, पण शिवणीत कापडच शिल्लक नाही. जीन्सच्या दुमडून घातलेल्या शिवणीत ते नसतंच. मागच्या मध्यावर आतून पाचर घालावी लागेल. त्या काळ्या स्किनीचा एक तुकडा अजून आहे, तो बसेल, वर पट्टा आला की दिसणार नाही. बॉटमही कमी करायचाय म्हणालीस. मूळची विटलेली कड तशीच ठेवून करते, पण लांबी अंदाजाने नाही धरणार. शनिवारी ये, आणि येताना ऑफिसला घालतेस ते बूट घेऊन ये. चपलेवर माप घ्यायला लावलंस तर परत पाठवीन.

तुझी,
दुकानवाली मावशी