चारच नियम का? यरुशलेमच्या पत्राबद्दल

तुमचे प्रश्न दोन आहेत. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना पत्र पाठवून चारच गोष्टी वर्ज्य सांगितल्या. त्यांत चोरी नाही, खून नाही, खोटी साक्ष नाही, मग बाकी सगळं त्यांना मोकळं होतं का? आणि रक्त वर्ज्य असताना गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या कालवणात) डुकराचं रक्त कसं चालतं?

पहिल्याचं उत्तर ठाम नाही असं आहे. ते पत्र नीतीची संपूर्ण संहिता म्हणून लिहिलेलंच नाही. वाद कशावरून पेटला ते आधी बघा. यहुदियाहून अंत्युखियाला आलेले काही जण शिकवू लागले की सुंतेशिवाय तारण नाही. साधारण इ.स. ४९च्या सुमारास पौल आणि बर्णबा हे प्रचारक हा वाद घेऊन यरुशलेमला गेले. पेत्र बोलला, शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निवाडा दिला: सुंतेचं ओझं लादू नका, मूर्तीला अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढं टाळायला सांगा.

आता जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचे १७ आणि १८ हे अध्याय उघडा. इस्राएलात राहणाऱ्या परक्यांनाही लागू असलेले नियम तिथे आहेत: आधी यज्ञ, मग रक्त, मग रक्त न सांडता मेलेलं जनावर, मग निषिद्ध शरीरसंबंध. पत्रातला क्रमही हाच. बऱ्याच अभ्यासकांना चार नियमांचं मूळ इथेच दिसतं आणि मलाही ते पटतं. हे एका पंगतीला बसण्याचे नियम आहेत. शेजारच्या यहुदी भावाच्या घशाखाली घास उतरावा म्हणून. चोरी आणि खून पाप आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं, त्यासाठी सभा भरवायची गरज नव्हती.

तरी तुम्हाला पडलेला प्रश्न जुन्या नकलाकारांनाही पडला असावा. बेझा हस्तलिखितात, म्हणजे नव्या कराराच्या एका जुन्या प्रतीत, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचा उल्लेख गाळलाय आणि 'आपल्याला जे नको ते दुसऱ्याला करू नये' अशा आशयाची भर घातलीय. जेवणाच्या नियमांना कुणीतरी नीतिनियमांचं वळण दिलं.

मग नीती शिकवली कुठे? बाप्तिस्म्याच्या आधी. 'दिदाखे' ही छोटी जुनी शिकवण पाहा (तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं). जीवनाचा एक मार्ग आणि मरणाचा एक, अशी ती सुरू होते. खून, व्यभिचार, चोरी, जादूटोणा करू नको. गर्भ पाडू नको, जन्मलेलं बाळ मारू नको. नकोसं मूल टाकून देणं रोमी जगात सर्रास चालायचं, हे लक्षात घेतलं की ही शिकवण किती खोल गेली असेल ते कळतं. आणि तिथेच खाण्याबद्दल मात्र सूर मऊ होतो: झेपेल तेवढं पाळ, पण मूर्तीला अर्पिलेल्यापासून कटाक्षाने दूर राहा.

पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला याहून बारकाईने समजावतो. देवळातल्या मेजवानीत बसू नका. बाजारातलं मांस विवेकासाठी चौकशी न करता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा. मात्र 'हे अर्पण केलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. गणपतीत शेजारून मोदक आले की आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत याच ओळींवरून वाद होतो. माझ्या मते तिथे पौलाचा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे: आपल्या वागण्याने कुणाचा विवेक दुखावतोय?

आता रक्त. ही मनाई पुष्कळ काळ खरोखर पाळली गेली. इ.स. १७७ मध्ये ल्यों (आजच्या फ्रान्समध्ये) इथल्या छळात ख्रिस्ती लोक मुलं खातात असा आरोप झाला. बिब्लिस नावाची बाई आधी विश्वास नाकारून बसली होती. तिला यातना देत असताना ती उलट म्हणाली की ज्यांना जनावरांचं रक्तही चालत नाही ते मुलं कशी खातील? पूर्वेकडच्या चर्चने ६९२च्या परिषदेत ही मनाई पुन्हा बजावली.

पश्चिमेकडे मात्र ती आधीच गळत होती. साधारण ४००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन लिहितो की यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एकत्र आणण्यासाठी तो नियम होता, आता ती परिस्थिती राहिली नाही. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने हेच अधिकृतपणे मांडलं: कारण संपलं, तसा नियमही संपला. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. त्यांच्याबरोबर आलेल्या चर्चच्या लेखी हा विषय तोवर निकालात निघाला होता, म्हणून सोरपोतेलातल्या रक्ताला तिने हरकत घेण्याचं कारणच उरलं नव्हतं.