बेरजेऐवजी आकडे एकमेकांना का चिकटतात?

प्रश्न : भावाच्या किराणा दुकानासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये बिलाचे एक छोटे पान तयार केले आहे. एका चौकटीत मालाचे २५० आणि दुसरीत हमालीचे ५० रुपये भरले, की एकूण रक्कम ३०० ऐवजी २५०५० दिसते. सवलत वजा करताना मात्र उत्तर अचूक येते. असे का होते?

उत्तर : तुमचे गणित बरोबर आहे; चौकटीतून आलेला आकडा मात्र जावास्क्रिप्टच्या लेखी आकडाच नाही. चौकटीत काहीही टाइप केले, तरी तिचे मूल्य स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणूनच हाती येते. अधिकच्या चिन्हाला या भाषेत दोन कामे आहेत : दोन्ही बाजूंना नंबर असतील तर बेरीज, आणि एका जरी बाजूला स्ट्रिंग असेल तर जोडणी. वजाबाकीच्या चिन्हाला जोडणी ठाऊकच नसल्यामुळे ते दोन्ही बाजूंचे मुकाट्याने नंबरात रूपांतर करते. ही सोय वाटते, पण माझ्या मते तो सापळाच आहे, कारण निम्मा हिशेब बरोबर आल्यामुळे चूक उशिरा लक्षात येते.

सी किंवा जावा या भाषांत व्हेरिएबल (मूल्य साठवण्यासाठी नाव दिलेली जागा) घोषित करतानाच त्याचा प्रकार ठरतो. जावास्क्रिप्टमध्ये प्रकार मूल्याचा असतो, त्यामुळे एकाच व्हेरिएबलमध्ये आता नंबर, तर पुढच्या ओळीत स्ट्रिंग राहू शकते. मूल्याचा प्रकार 'टाइपऑफ' वापरून तपासता येतो. तो 'नल'लाही, म्हणजे 'काहीच मूल्य नाही' असे सांगणाऱ्या मूल्यालाही, 'ऑब्जेक्ट' (वस्तू) म्हणतो. १९९५ सालच्या मूळ आवृत्तीतली ही चूक, जुनी पाने मोडू नयेत म्हणून, आजतागायत तशीच ठेवलेली आहे.

तेव्हा चौकटीतले मूल्य हाती येताच 'नंबर' या फंक्शनने त्याचे रूपांतर करावे. रिकाम्या चौकटीचे ते शून्य करते, आणि देवनागरी अंक लिहिले असतील (या उत्तरात छापले आहेत तसे) तर 'नॅन', म्हणजे 'नंबर नव्हे', असे मूल्य देते. म्हणून दोन्ही शक्यता आधीच तपासाव्यात. रक्कम शक्यतो पूर्णांकी पैशांत मोजावी, कारण नंबर आतून द्विमान पद्धतीने (फक्त ० आणि १ या अंकांत) साठवला जात असल्याने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. ग्राहकाचा बँक खाते क्रमांक मात्र स्ट्रिंगच राहू द्यावा. नंबर केल्यास त्याची सुरुवातीची शून्ये गळतील, आणि क्रमांक ९००७१९९२५४७४०९९१ पेक्षा मोठा असल्यास शेवटचा अंक बदलण्याचीही शक्यता असते.