एक लाख चाळीस हजारांचं पिल्लू आत्ता घ्यावं का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "वय ३४, नारायणगावजवळ मळ्यात घर. चाकणला कंपनीत नोकरी, हातात ६८ हजार येतात. बायको घरीच शिकवण्या घेते, तिचे ९ हजार. मुलगी चार वर्षांची, आई ६६ वर्षांची. दोन गाई, अकरा शेळ्या. एप्रिलमध्ये बिबट्याने गोठ्यातून शेळी नेली. तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत. मला कॉकेशियन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय. याआधी कुत्रा पाळलेला नाही, पण दोन वर्षं व्हिडिओ बघतोय, वाचतोय. किंमत १ लाख ४० हजार. पतसंस्थेत १ लाख ८० हजारांची ठेव आहे, ती मोडू का? विकणारा म्हणतो रविवारपर्यंत २५ हजार टोकन द्या, पिल्लू ४० दिवसांचं झालं की घेऊन जा."

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेळी गेली त्या रात्रीबद्दल तुम्ही चारच ओळी लिहिल्यात, पण त्या चार ओळींवरून कळतं की हा प्रश्न नुसत्या कुत्र्याचा नाही. तुम्ही सकाळी सहाला कंपनीची बस पकडता आणि संध्याकाळी साडेसातला परत येता. तेवढा वेळ मळ्यात आई, बायको आणि लेक. शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात कुणीतरी बाहेर पडणार. अशा घरात दाराशी एक दणकट जनावर असावं असं वाटणं अगदी रास्त आहे. तरीही माझं उत्तर आधीच सांगतो: हे पिल्लू आत्ता घेऊ नका. कायमचं नको असं मी म्हणत नाही, पण आत्ता नको, आणि त्या ठेवीतून तर नकोच.

तुमचा महिना तुम्ही नीट लिहून दिलाय, त्यामुळे हिशेब सोपा झाला. एकूण ७७ हजार. त्यातून घराचा हप्ता १८,४००, घरखर्च ३१ हजार, शाळा ५ हजार, एसआयपी ८ हजार, टर्म आणि मेडिक्लेमचे महिन्याला २,६०० असे गेले की १२ हजार उरतात. या १२ हजारांवर सध्या कुणाचा हक्क नाही, म्हणून ते मोकळे वाटतात.

आता कुत्र्याचं बघू. या जातीचा नर वाढून ६० किलोच्या घरात सहज जातो. एवढ्या जनावराला दिवसाला साधारण ६५० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला २० किलो. चांगल्या खाद्याचा दर किलोला ४०० रुपये धरला तर ८ हजार. घरी शिजवून घातलं तरी चिकन, अंडी, भात, गॅस आणि आईंचे कष्ट धरून फार वाचत नाहीत. गोचिडाची आणि जंताची औषधं वजनावर देतात, भुलीचं औषधसुद्धा वजनावर. दहा किलोच्या कुत्र्याला लागतं त्याच्या कितीतरी पट इथं लागणार. लस, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या यांचे सरासरी २ हजार, पट्टे, भांडी, अंथरूण, उन्हाळ्यातला कूलर, मोडतोड यांचे १ हजार. झाले ११ हजार. ओळखीतली मोठी कुत्री पाळणारी माणसं जे खर्च सांगतात त्यावरून हा आकडा धरलाय आणि तो मी ओढून मोठा केलेला नाही.

म्हणजे महिन्याअखेर तुमच्याकडे १ हजार रुपये उरतील. वर्षाचे १ लाख ३२ हजार झाले. दरवर्षी ६ टक्के महागाई धरून दहा वर्षांची बेरीज केली तर १७ लाख ४० हजारांच्या आसपास जाते, आणि ही जात साधारण दहा-बारा वर्षं जगते. तुम्ही ज्या १ लाख ४० हजारांवर घासाघीस करताय तो या सगळ्यातला बारावा-तेरावा हिस्सा आहे. किंमत लाखभर झाली तरी माझं उत्तर हेच राहील.

पहिल्या वर्षाचं तर वेगळंच आहे. तुमच्या मळ्याला कुंपण नाही. या जातीला मोकळं सोडता येत नाही, आणि बांधूनही ठेवता येत नाही. जनावर अवाजवी वेळ साखळीला ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि राखणीचा कुत्रा दिवसभर बांधला की तो आणखी चिडका होतो. म्हणून जाळीचं पक्कं आवार आणि सावलीची शेड, हे ९० हजार धरा. पहिलाच कुत्रा आहे म्हणून प्रशिक्षकाचे २५ हजार. पिल्लू, आवार, प्रशिक्षक आणि वर्षाचा खर्च मिळून ३ लाख ८७ हजार होतात. ठेव आहे १ लाख ८० हजारांची.

ती ठेव तुम्ही 'पडून आहे' असं लिहिलंत. पण ती पडून नाही, ती काम करतेय. नोकरी गेली तरी द्यावेच लागतील असे तुमचे खर्च महिन्याला ५७ हजार आहेत. म्हणजे ठेव तुम्हाला तीन महिने तारून नेते. त्यातले १ लाख ४० हजार काढले की उरलेले ४० हजार २१ दिवस पुरतील. चार वर्षांची लेक आणि ६६ वर्षांची आई असलेल्या घराला २१ दिवस फार कमी आहेत. मला तिथे सहा महिन्यांचे, म्हणजे ३ लाख ४२ हजार दिसायला हवेत. आणि ओघात सांगतो, हा पैसा पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मुदत संपली की बँकेत हलवा, मोबाईलवरून रात्री मोडता येईल अशा ठेवीत.

रात्री का, ते माझ्या घरच्या अनुभवावरून सांगतो. आमच्याकडे ग्रेट डेन होता, ५८ किलोचा. एका रात्री जेवण झाल्यावर दोन तासांनी तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. ओकारीसाठी जोर काढत होता, पण बाहेर येत होता फक्त फेस. पोटाला हात लावला तर नगाऱ्यासारखं ताणलेलं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसतो, आणि तो सोडवायला ऑपरेशनशिवाय इलाज नाही. काही तासांत जीव जातो. मी, बायको आणि शेजारी अशा तिघांनी त्याला चादरीत घालून गाडीत चढवलं. रात्री दोन वाजता पैसे भरले, पहाटे ऑपरेशन झालं, चार दिवसांनी ७१ हजारांचं बिल देऊन घरी आणला. पुढे तो दोन वर्षं जगला. मी पुण्यात होतो, दवाखाना वीस मिनिटांवर होता, पैसे बचत खात्यात होते. तुमच्यापासून पुणे ७५ किलोमीटर आहे. गाई-शेळ्यांना बघणारे डॉक्टर तुम्हाला तालुक्यात मिळतील, पण ६० किलोच्या कुत्र्याला रात्री भूल देऊन पोट उघडणारा दवाखाना तुम्हाला पुण्यातच गाठावा लागेल. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाचून घेण्याचं ऑपरेशन करता येतं, पीळ बसण्याचा धोका त्यानं बराच कमी होतो. पुढे कधी घेतलात तर डॉक्टरांना हे नक्की विचारा. विमाही निघतो, पण खुब्याच्या जन्मजात दोषासारखे आजार काही पॉलिसींत वगळलेले असतात. कुत्र्यामुळे तिसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी विमा घेतो का, हे पहिल्यांदा वाचा.

ही इजेची गोष्ट गंभीरपणे घ्या. ही मेंढपाळांची जात आहे. डोंगरात मालक जवळ नसताना लांडगा आला तर काय करायचं, ते स्वतः ठरवणारं जनावर पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलंय. 'बस' म्हटलं की बसणं हा त्याचा स्वभाव नाही. पिल्लू गोंडस असतं तोवर सगळं ठीक चालतं. दीड-दोन वर्षांचं झालं, डोक्यात राखण शिरली, की शिकवणीला येणारी पोरं, दूधवाला, टोमॅटो तोडायला येणाऱ्या बाया, या सगळ्यांकडे ते परके म्हणून बघायला लागतं. त्या वेळी ते ५५ किलोचं असेल, तुम्ही चाकणला असाल आणि पट्टा आईंच्या हातात असेल. बायकोचे ९ हजार त्या पोरांच्या येण्यावरच चालतात, हेही हिशेबात धरा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जखमी माणसाची भरपाई त्याहून वेगळी.

कायद्याचाच दुसरा भाग. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. कॉकेशियन शेफर्ड त्या यादीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. तरी जी जात एकदा यादीत आली तिच्यावर पुढच्या दहा वर्षांत पुन्हा नियम येऊ शकतात, ही जोखीम तुम्ही विकत घेताय. आणि तुमचा विक्रेता. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ४० दिवस म्हणजे सहा आठवडेसुद्धा पुरते होत नाहीत. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू किती चावायचं, कुठं थांबायचं हे नीट शिकत नाही. बाकी जातींत हे खपून जाईल, या जातीत महागात पडेल. नोंदणी क्रमांक मागा, पिल्लाची आई दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर फोन ठेवून द्या.

आता मूळ दुखणं, बिबट्या. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. तुम्ही जुन्नरकडचे, तुम्हाला हे मी सांगायला नको. मळ्यात एकटा बांधलेला कुत्रा, मग तो कुठल्याही जातीचा असो, ही बिबट्यापासून बचावाची हमी नव्हे. नामिबियात चीता कन्झर्वेशन फंड १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन राखणदार कुत्री देतं आणि तो प्रयोग नावाजला गेलाय, पण तिथं पिल्लू लहानपणापासून शेळ्या-मेंढ्यांतच वाढवतात, कळपाबरोबर चारायला जातं. घराच्या ओसरीवर वाढलेलं पिल्लू मोठं झालं म्हणून गोठा राखेल, असं होत नाही. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरची कुत्री याच रीतीनं तयार होतात.

म्हणून तुमचे पहिले पैसे गोठ्यात जाऊ द्या. चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी, कौलाखालची फट बंद, आतून कडी, बाहेर सौर दिवा. तुमच्या गोठ्याचं माप मला माहीत नाही, पण गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कोटेशन घ्या. अकरा शेळ्यांच्या गोठ्याला ते पिल्लाच्या किमतीच्या निम्म्याच्या आत बसावं असा माझा अंदाज आहे. एप्रिलच्या शेळीचा वनखात्याकडून पंचनामा झाला का, भरपाई मिळाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला असेल आणि पैसे अडकले असतील तर पाठपुरावा करा, ते पैसे याच कामाला लागतील.

कुत्रा हवाच असेल तर गावातली दोन चांगली पिल्लं आणा, लस टोचा, नसबंदी करा, आणि रात्री त्यांनाही जाळीच्या आत घ्या. राखण म्हणजे माणसं जागी करणं, आणि ते काम ती चोख करतात. दोघांचा मिळून खर्च महिन्याला ३ हजारांत बसेल. शिवाय तुम्हाला पहिल्यांदा कुत्रा वाढवल्याचा अनुभव मिळेल. खाणं किती, शिस्त कशी, ताप आला की काय करायचं, हे सगळं २० किलोच्या जनावरावर शिकणं तुमच्यासाठीही बरं आणि त्याच्यासाठीही.

कॉकेशियनची हौस मी पुसून टाकत नाही. हौसेला वेगळा खिसा करा. या महिन्यापासून ८ हजारांची आरडी सुरू करा. १२ हजारांतून गावच्या कुत्र्यांचे ३ हजार आणि हातात १ हजार ठेवून एवढं बसतं. दोन वर्षांत व्याजासकट २ लाखांच्या थोडं वर जाईल. ते तुमच्या १ लाख ८० हजारांच्या ठेवीत मिळवले की आधी आणीबाणीचे ३ लाख ४२ हजार पुरे होतील, मग पगार वाढेल तसं आवारासाठी जमवा. लेक तोवर सहा वर्षांची होईल. दोन वर्षं ८ हजार बाजूला काढून घर नीट चाललं, तर दर महिन्याचा खर्च तुम्ही पेलू शकता हे तुम्हाला कळलेलं असेल. मग मला पुन्हा लिहा, मी आनंदानं पुढचा हिशेब मांडून देईन. त्याआधी एकदा, ज्यांच्याकडे या जातीचा पूर्ण वाढलेला कुत्रा आहे अशांच्या घरी आई आणि बायकोला घेऊन एक दिवस काढा. पट्टा बायकोच्या हातात द्या.

रविवारचं टोकन देऊ नका. एसआयपी आहे तशी चालू ठेवा, ती मोडून काहीही आणू नका. आरडीची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची घ्या, घराचा हप्ता जायच्या आधीची, आणि गोठ्याचं कोटेशन आलं की आकडा मला कळवा.