वाचकांचे प्रश्न: घमेलं, डंक आणि करवंटीचा कोळसा

गेल्या अंकात खाणीतल्या यंत्रांवर लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले पाच इथे घेतोय. दोघातिघांनी सोन्याचा भाव वाढणार का असं विचारलंय, तो माझा प्रांत नाही, मला धातू दगडातून बाहेर कसा येतो तेवढंच कळतं.

प्रश्न (गिरगावातून एक ताई): पुतण्याने ऑनलाइन सोनं धुवायचं प्लास्टिकचं ताट मागवलंय, कडेला खाचा असतात तसलं. झवेरी बाजारात गटारातली माती धुऊन सोनं काढतात, मग मी का नाही, असं म्हणतो. खरंच निघतं का?

उत्तर: निघतं ताई, पण ज्याला धुता येतं त्याच्याच हाताला. झवेरी बाजारात हे काम करणाऱ्यांना घमेलावाले म्हणतात, आपल्याकडचा जुना शब्द झारेकरी. सोनार दागिना कानसतो, कीस उडतो, तो कपड्याला चिकटतो, हात धुतलेल्या पाण्यात जातो, फरशीच्या फटीत बसतो, उरलेला चपलेला लागून रस्त्यावर येतो. म्हणून चांगला सोनार पायपुसणं आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाही आणि दुकानातला केर विकला जातो. गटारात येतं ते या सगळ्यातून सुटलेलं.

एकदा मी एका म्हाताऱ्या घमेलावाल्याशेजारी अर्धा तास उकिडवा बसलो होतो. त्याने आधी घमेल्यातला गाळ हाताने कुस्करून गोळे फोडले, चिखल पाण्याबरोबर सोडून दिला, मग घमेलं तिरकं धरून मनगटाने एक लहानसा हिसका, पाणी ओठावरून जाऊ द्यायचं, परत हिसका. पाण्याची घनता एक धरली तर साध्या वाळूची अडीचच्या थोडी वर, लोखंडाची आठच्या आसपास आणि शुद्ध सोन्याची १९.३, त्यामुळे प्रत्येक हिसक्याला सोनं खाली सरकतं आणि वाळू वर येऊन वाहून जाते. शेवटी मूठभर काळा गाळ उरला, त्यात लोखंडाचा कीसच जास्त, तो त्याने कागदात गुंडाळलेल्या चुंबकाने उचलून बाजूला टाकला. कागद कशाला तर नुसत्या चुंबकाला चिकटलेला कीस सोडवताना अर्धा दिवस जातो. आणि मग घमेल्याच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ दिसली, बोटाच्या नखावर मावेल एवढी. पाण्यात त्याने भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला होता, कारण सोन्याची अगदी बारीक पापुद्र्यासारखी चुरी पाण्यावर तरंगते आणि वाहून जाते, साबणाने ती बुडते. या थेंबाची गोष्ट शेवटच्या उत्तरात परत येणार आहे.

पुतण्याला सांगा, ताट चांगलंय, पण पवईच्या ओढ्यात किंवा जुहूच्या वाळूत बसून काही होणार नाही. आपली मुंबई बसाल्टवर बसलीय, लाव्हाचा काळा दगड, त्यात सोन्याच्या शिरा नाहीत, भारतातलं सोनं मुख्यतः कर्नाटकातल्या ‘धारवाड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फार जुन्या दगडांत आहे. ओढ्यात त्याला काळी चुंबकाला चिकटणारी वाळू मिळेल, तेवढ्यावर खूश होऊन नाचू नये. हात बसवायचा असेल तर लेथवाल्याकडून चिमूटभर पितळेचा कीस आणा, मोजून शंभर कण तसल्या वाळूत मिसळा आणि धुऊन किती परत मिळतात ते मोजा. पहिल्या दिवशी साठ आले तरी मी शाबास म्हणेन.

आणि पारा घरात आणू देऊ नका. सोनं पाऱ्यात विरतं आणि मग तो गोळा तापवला की पारा उडून सोनं उरतं, हे खरंय आणि म्हणूनच जगभर छोट्या खाणींत हेच करतात, पण पारा ३५७ अंशाला उकळतो आणि त्याची वाफ ना दिसते ना वास येतो. हवेत मिसळणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा आज या असल्या सोन्यातूनच येतो.

प्रश्न (ठाण्यातून): घरात जुन्या मोबाईलची पेटी भरलीय. व्हिडिओत दाखवतात तसं ऍसिडमध्ये टाकून सोनं काढता येईल का? बाल्कनी मोठी आहे.

उत्तर: बाल्कनी मोठी असली तरी फुप्फुसं तेवढीच आहेत हो. आधी हिशोब बघा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आकडा असा की दहा लाख मोबाईलमधून साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी आणि १६ टन तांबं मिळतं. म्हणजे एका फोनमागे ०.०३४ ग्रॅम. तुमच्या पेटीत तीस फोन असले तर सगळं मिळून एक ग्रॅम, तेही सगळं हाती लागलं तर.

व्हिडिओत वापरतात ते आम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. सोनं त्यात विरघळतं खरं, पण सर्किटमध्ये तांबं, शिसं, कथिल सगळं असतं, ते आधी विरघळतं आणि तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला की त्या वेळी नुसता खोकला येतो आणि माणसाला वाटतं सुटलो, फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनी सुरुवात होते. आणि उरलेलं हिरवं पाणी कुठे ओतणार, सोसायटीच्या ड्रेनेजमध्ये?

मोठे कारखाने हे वेगळ्या डोक्याने करतात. सर्किट बोर्ड तांब्याच्या भट्टीत टाकतात, वितळलेलं तांबं सोनं-चांदी स्वतःत गोळा करून घेतं, मग त्या तांब्याच्या लाद्या करून त्या विजेच्या टाकीत टांगतात, तांबं एकीकडून निघून दुसरीकडे शुद्ध होऊन जमतं आणि सोनं-चांदी टाकीच्या तळाला गाळ म्हणून पडते. एका टाकीच्या गाळात हजारो फोनचं सोनं. तुम्ही पेटी रजिस्टर्ड रिसायकलरकडे द्या आणि बाल्कनीत तुळस लावा.

प्रश्न (अकरावीचा विद्यार्थी, विलेपार्ले): कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीत अजून सोनं शिल्लक आहे म्हणतात, मग खाण बंद का केली? आणि दगडातून सोनं वेगळं करणारं नेमकं मशीन कोणतं?

उत्तर: मित्रा, एक मशीन नसतं, रांग असते, आणि रांगेतलं सगळ्यात खर्चिक काम म्हणजे कुटणं. तुला बघायचंच असेल तर मिरचीच्या सिझनला लालबागला मसाला गल्लीत जा. डंक चालू असतो ना, लोखंडी मुसळं वर जातात आणि धाडधाड खाली पडतात, कोलारला सुरुवातीच्या काळात असेच डंक होते, मुसळं फक्त राक्षसी. आता आधी जबड्यासारखं क्रशर, खडी क्रशर असतो तेच ते, मग बॉल मिल, म्हणजे पोटात पोलादी गोळे घेऊन फिरणारं आडवं पिंप. गोळे वर चढतात आणि दगडावर कोसळतात. पिंप फार हळू फिरवलं तर गोळे नुसते घरंगळतात, फार जोरात फिरवलं तर भिंतीला चिकटून गोल गोल फिरत राहतात आणि कुटणं शून्य. दगडाचा पार मैदा होईपर्यंत दळायचं, कारण सोनं दगडात बुंदीसारखं नसतं, मिठासारखं पसरलेलं असतं.

मग सायनाईड. हो, तेच. १८८७ मध्ये ग्लासगोला ही पद्धत निघाली. अगदी पातळ द्रावण, त्यात हवा सोडत राहायची कारण ऑक्सिजनशिवाय सोनं विरघळत नाही, आणि चुना घालायचा, नाहीतर विषारी वायू सुटतो. एवढं झालं की सोनं पाण्यात आलं, आता ते पाण्यातून काढायचं कसं? तर नारळाच्या करवंटीचा कोळसा! करवंटी जाळून, वाफेवर तापवून केलेला सच्छिद्र कोळसा टाकीत सोडतात, सोनं त्याला चिकटतं, आणि कोळशाचे दाणे दळलेल्या दगडापेक्षा मोठे असल्यामुळे चाळणीने वेगळे काढता येतात. कोकणातला माणूस करवंटी बंबात घालतो, इथे ती सोनं पकडते. दुसरे कोळसेही चालतात, पण करवंटीचा कडक असतो, ढवळताना झिजत नाही, आणि झिजलेल्या कोळशाच्या भुकटीबरोबर सोनंही जातं म्हणून कडकपणाला किंमत आहे.

आता बंद का. सोनं संपलं नाही, परवडणं संपलं. कोलारला ब्रिटिश कंपनी १८८० मध्ये उतरली, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, एकूण आठशे टनांवर सोनं निघालं. पण शिरेमागे जात जात खाण तीन किलोमीटरच्याही खाली पोचली. तिथे दगडच साठ अंशांच्या पुढे तापलेला, थंड हवा खाली सोडायची, पाणी उपसायचं, वरून दाब एवढा की दगड कधीकधी बाँबसारखा फुटतो. आणि टनामागे मिळणारं सोनं सुरुवातीच्या मानाने अगदी थोडं उरलं होतं. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली.

जाता जाता, या खाणीचं आपल्या मुंबईशी एक नातं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी १९६५ मध्ये याच खाणीत सव्वादोन किलोमीटर खाली बसून वातावरणात तयार होणारा न्यूट्रिनो, म्हणजे दगडातूनही सहसा न अडता आरपार जाणारा सूक्ष्म कण, पकडला, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साथीने. एवढा दगड डोक्यावर असल्यामुळे बाकीचे कण वरच अडतात, म्हणून.

प्रश्न (दादरहून): टनाला पाच ग्रॅम सोनं आहे असं पेपरात छापतात. एवढं कमी असताना मोजतात कसं? आणि त्यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर: प्रश्न आवडला, कारण माझं निम्मं आयुष्य यात गेलं. पद्धत हजारो वर्षांची आहे आणि अजून हिला तोड नाही. दळलेल्या दगडाची ३० ग्रॅम पूड घ्यायची, त्यात मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साईड, टाकणखार, सोडा आणि चमचाभर गव्हाचं पीठ घालून मुशीत हजार अंशांच्या वर वितळवायचं. पीठ खरंच घालतात, चेष्टा नाही. पिठातला कार्बन मुरदाडशिंगाचं शिसं करतो, त्या शिशाचे बारीक थेंब पाऊस पडावा तसे वितळलेल्या दगडातून खाली येतात आणि येताना सोनं-चांदी टिपून घेतात. तळाला शिशाची गुंडी. ती हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून परत तापवली की शिसं वाटी पिऊन टाकते आणि वर एक मणी उरतो. मण्यातली चांदी नायट्रिकने काढायची, उरलं ते सोनं. टनाला पाच ग्रॅम असेल तर हा शेवटचा कण ०.१५ मिलिग्रॅमचा, शिंकलात तर गेला.

विश्वास? भट्टीवर ठेवा, माणसाच्या घाईवर ठेवू नका. मी नवीन असताना एका लॅबमध्ये, नाव नको, दळायच्या वाटीत आधी असा नमुना गेला ज्यात सोनं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. सोनं मऊ, ते दळलं जात नाही, वाटीला लोण्यासारखं फासलं जातं. नियम असा की अशा नमुन्यानंतर कोरी गारगोटी दळून वाटी साफ करायची. साडेपाच वाजले होते, मी फडक्याने पुसलं आणि पुढचा नमुना टाकला. त्या पुढच्या नमुन्यात टनाला ११ ग्रॅम आले! भूगर्भवाले साहेब पेढे घेऊन आले, आम्ही पेढे खाल्ले, आणि मग त्यांनी तोच नमुना परत करायला सांगितला. परत केला तर काहीच नाही. ते पेढे अजून घशात अडकलेत. तेव्हा पेपरात आकडा दिसला की तो किती नमुन्यांचा आहे, नमुन्यांसाठी जमिनीत किती भोकं पाडली होती आणि दुसऱ्या लॅबने तपासलाय का ते बघा, एका दगडाचा आकडा म्हणजे काहीच नाही.

प्रश्न (मुलुंडहून, एक आई): मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की तांब्याचं खनिज फेसावर तरंगतं आणि माती बुडते. तो विचारतो जड वस्तू वर कशी येते? मला सांगता येईना.

उत्तर: मुलगा हुशार आहे, पुस्तकं हे सांगायचंच विसरतात. फेसाच्या टाकीत जड-हलकं असा खेळच नाही, ओलं कोण होतं आणि कोण होत नाही असा खेळ आहे. तांब्याचं खनिज दळून पाण्यात घालतात, त्यात झँथेट नावाचं रसायन चिमूटभर टाकतात. ते फक्त खनिजाच्या कणांना चिकटतं आणि त्यांच्यावर जणू तेलाचा हात फिरतो. असा कण पाण्याला दूर ठेवतो आणि हवेचा बुडबुडा दिसला की त्याला बिलगतो, बुडबुडा वर जातो आणि कणाला घेऊन जातो. माती ओली होते, तिला बुडबुडा चिकटत नाही, ती खालीच राहते. पहिल्या उत्तरातली तरंगणारी सोन्याची चुरी आठवतेय ना, ती पण पाण्याला अशीच टाळत होती, साबणाच्या थेंबाने ओली झाली आणि बुडली. घमेलावाल्याला हे नको असतं, तांबेवाल्याला हेच हवं असतं.

गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, तिथल्या दगडात तांबं एक टक्क्याच्या आसपास. एवढं तांबं भट्टीत घालून चालणारच नाही, नव्याण्णव टक्के दगड तापवण्यात कोळसा जाईल. फेसाने तेच वीस-पंचवीस टक्क्यांवर येतं. आणि एवढी यंत्रं असूनही टाकीवरचा जुना ऑपरेटर फेसाकडेच बघत बसलेला असतो, बुडबुडे केवढे आहेत, रंग कसा आहे, लवकर फुटतात का, त्यावरून रसायन कमी-जास्त करतो.

मुलाला दाखवायचं असेल तर काचेच्या ग्लासात ताजा सोडा ओता आणि चार मनुका टाका. मनुका जड, तळाला जातात, सुरकुत्यांत बुडबुडे धरले की वर येतात, वर बुडबुडे फुटले की परत खाली. फुगलेल्या मनुका घेऊ नका, चांगल्या सुरकुतलेल्या घ्या, आणि सोडा नुकताच उघडलेला हवा.