आमचा खासदार ‘राजापूरचा’ कसा?

प्रश्न : आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. आजी मात्र सांगायची, ‘आमचो खासदार राजापूरचो.’ आज यादीत राजापूर लोकसभा सापडत नाही. गेली कुठे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या आजीचं बरोबरच होतं. राजापूर हे मतदारसंघाचं नाव होतं आणि त्याचा पसारा खाली सावंतवाडीपर्यंत. 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. जानेवारी 1971 मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षीपासून सलग पाच वेळा मधू दंडवते.

दंडवत्यांबद्दल मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मुंबईहून एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत गावी जाणाऱ्या पिढीतला. रेल्वेमंत्री असताना त्यांनी देशभरच्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवायला घेतला. आमच्या तालुक्यांत तेव्हा रेल्वेच नव्हती! कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली 1998 साली. त्याआधीच, 1991 मध्ये, मतदारांनी त्यांना हरवलं होतं. मला ते आजही बोचतं.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2009 पासून नाव आलं रत्नागिरी-सिंधुदुर्ग. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे त्यातले सहा विधानसभा मतदारसंघ. म्हणजे राजापूर आहे, पण आता विधानसभेपुरतं. वेंगुर्लेकरांचं मत सावंतवाडीत मोजलं जातं.